गळा कोणाचा?

प्रायश्चित्तकाळाचा तो दुसरा आठवडा होता. दुपारच्या वेळी एक माता मिशनच्या बंगल्यावर आली. ओसरीवर टेकली, पदराने घाम टिपला आणि म्हणाली, "फादर, पोरीचा गळा बसला तो बसलाच. आता काही महिने तिला गायला बोलावू नका." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती, तर आम्हांला कदाचित बरे वाटले असते. तक्रारीला उत्तर देता येते. विनंतीपुढे मात्र माणूस उघडा पडतो.

आमचा धर्मग्राम लहान. बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सांगतात. त्यांपैकी आम्ही घाटाखालचे: कापसाचा, जिनिंगचा आणि कडक उन्हाचा प्रदेश. कॅथलिक कुटुंबे हाताच्या बोटांवर नव्हेत, तरी एका दुपारी भेटून संपतील इतकीच. अशा ठिकाणी एखाद्या मुलीला गोड आणि उंच गळा लाभला की ती त्या घराची राहत नाही, साऱ्या मिशनची होते. ही मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून आमच्याकडे गात होती. नाताळ, ईस्टर, नोव्हेनाचे नऊ दिवस, महागुरुस्वामींची भेट, लग्ने आणि अंत्यविधी, सगळीकडे तीच. शेजारच्या मिशनमध्ये सण असला की आमच्याच जीपमधून तिला नेले जाई. उघड्या मैदानात, कर्ण्याच्या खरखरीवर मात करीत ती गाई. त्या नाताळाच्या आदल्या दिवशी तिला ताप होता. आम्ही तिला म्हणालो, "देवाचे काम आहे, बाळ. देव सांभाळील." ती गायली. त्या रात्रीचे गाणे धर्मग्रामस्थांना आजही आठवते, पण त्या रात्रीनंतर तिचा वरचा स्वर लागला नाही. शहरातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरपट्ट्यांच्या कडांना सूज आहे, गाठी धरू लागल्या आहेत. आधी मौन, मग आवाजाचे व्यायाम, आणि पुष्कळ धीर.

हे सारे आम्ही आमच्या दोषाची कबुली म्हणून लिहीत आहोत. पण कबुली देऊन मोकळे होणे हा या लेखाचा हेतू नाही. त्या दुपारपासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. देवाने एखाद्याला देणगी दिली, तर ती असते कोणाची? ज्याच्या गळ्यात ती वसते त्याची, ज्या समाजाने त्याला वाढविले त्याची, की देणाऱ्याची? 'देवाची' हे उत्तर आम्हांला सेमिनरीपासून पाठ आहे. आणि तेच उत्तर तोंडात ठेवून आम्ही एका मुलीचा गळा वापरून टाकला होता.

त्या उन्हाळ्यात गोव्यातील एका सहाध्यायी धर्मगुरूंनी आम्हांला एक ध्वनिमुद्रिका पाठविली. गायिका होत्या पॅट्रिशिया रोझारिओ. आमचा कान भजनाचा, अभंगाचा आणि चर्चमधील गीतांचा. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाची आम्हांला सेमिनरीत झाली तेवढीच ओळख. पहिल्यांदा ऐकताना शब्द कळले नाहीत. परंतु तो आवाज खोलीत आला आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटली. मग या बाईंविषयी जे मिळेल ते आम्ही वाचत गेलो.

पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म १९६० सालचा, मुंबईचा. पाश्चात्त्य संगीतात स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाला 'सोप्रानो' म्हणतात. तो त्यांचा आवाज. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीताची आवड जुनी होती. मेहली मेहतांनी १९३५ साली तेथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. तरीही अशा गळ्याचे शिक्षण शेवटास न्यावयाचे तर परदेशी जाण्यावाचून गत्यंतर नसे. रोझारिओ लंडनला गेल्या, 'गिल्डहॉल' या नामवंत संगीतविद्यालयात शिकल्या आणि तेथील सुवर्णपदकाच्या मानकरी झाल्या. ऑपेराच्या रंगभूमीवर, चर्चमधील गायनात आणि पियानोच्या साथीने गायच्या गीतांत त्यांनी आपले स्थान निर्माण केले. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांचा आवाज मनाशी धरून तीसहून अधिक रचना केल्या. संगीताच्या इतिहासात असे भाग्य थोड्याच गळ्यांना लाभते. २००१ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ओ.बी.ई. हा किताब दिला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी गायनाच्या प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. आणि २००९ च्या सुमारास, आपले पती पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह, भारतातील तरुण गायकांना शिकविण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. त्याचे नाव 'गिव्हिंग व्हॉइस टु इंडिया', म्हणजे भारताला आवाज देणे. त्यासाठी त्या पुनःपुन्हा मायदेशी येत राहिल्या.

वाचकहो, वरील परिच्छेद वाचायला आपल्याला एखादे मिनिट लागले असेल. पण त्यातील 'शिकल्या' या एका शब्दात किती वर्षे दडली आहेत, ते आम्हांला तो गळा बिघडलेला पाहिल्यानंतरच कळले.

स्त्रीच्या स्वरपट्ट्या जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर लांबीच्या असतात, म्हणजे तुरीच्या दोन दाण्यांइतक्या. ज्या 'ला' स्वरावर वाद्यवृंद आपली वाद्ये जुळवितो, तो गाताना या पट्ट्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आदळतात. तो स्वर कोणी तासभर अखंड धरला, तर तेवढ्यात पंधरा लाखांहून अधिक आघात होतील. सोप्रानोचा वरचा 'डो' याहून बराच उंच. तेथे हे कंपन सेकंदाला हजाराच्या पुढे जाते. एवढे करूनही ऑपेराची गायिका ध्वनिक्षेपकाचा आधार घेत नाही. पन्नास-साठ वाद्यांच्या वर तिचा एकटीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, तो ओरडून नव्हे. तोंडाची आणि घशाची पोकळी ती अशी घडविते की तिचा नाद गायल्या जाणाऱ्या स्वराशी जुळावा. घागर भरत आली की तिचा आवाज बदलतो, हे पाणवठ्यावरच्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. तीच युक्ती गायिका आपल्या देहात साधते. म्हणूनच फार उंच स्वरांत तिचे 'आ' आणि 'ई' वेगळे ओळखू येत नाहीत, आणि आमच्यासारख्या श्रोत्याला शब्द कळत नाहीत. सतारीची तार तुटली तर बाजारात दुसरी मिळते. गायकाचे वाद्य मात्र त्याच्या रक्तामांसाचे असते. त्याला ताप येतो, ते थकते, रडते, म्हातारे होते.

तेव्हा गायनाचे शिक्षण हे प्रथम राखण्याचे शिक्षण आहे. कधी गावे याच्या आधी कधी गाऊ नये, हे शिकावे लागते. सोळाव्या वर्षी पेलणार नाही ते तिसाव्या वर्षी पेलेल, म्हणून आज बाजूला ठेवायचे. चांगला गुरू शिष्याला 'आज नको' असे शंभर वेळा सांगतो. आमच्या मुलीला 'आज नको' असे सांगणारे कोणी नव्हते. ज्यांनी सांगावयाचे, ते आम्हीच तिला जीपमध्ये बसवीत होतो.

देणगीविषयी विचार करताना आपण बहुधा तालंतांच्या दाखल्याकडे वळतो. तिसऱ्या चाकराने आपला तालंत जमिनीत पुरून ठेवला आणि धन्याचा रोष ओढवून घेतला. यावरून आम्ही व्यासपीठावरून वर्षानुवर्षे सांगत आलो की देणगी लपवू नका, वापरा. परंतु त्या दाखल्यातील पहिल्या दोघांनी काय केले, इकडे आमचे लक्षच गेले नव्हते. त्यांनी तालंत व्यापारात घातले. व्यापारात घालणे म्हणजे उधळणे नव्हे. त्याला वेळ द्यावा लागतो, जोखीम घ्यावी लागते, आणि धनी "फार काळानंतर" परत येतो असे संत मत्तय आवर्जून सांगतो. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. भुकेच्या दिवसांत घरात बियाण्याची ज्वारी असते. ती दळून खाल्ली तर आज पोट भरते, आणि मृगाच्या पावसात पेरायला काही उरत नाही. बियाणे पुरून ठेवणारा कंजूष असेल; पण बियाणे दळून खाणारा शेतकरी नव्हे. आमच्या नाताळच्या रात्री गोड झाल्या होत्या, त्या बियाण्याच्या भाकरीने.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. गोमंतकातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या हिंदुस्थानी गायकीतील मेरुमणी. आपल्या गाण्याविषयी त्या अतिशय काटेकोर. शिष्य त्यांनी जवळजवळ केलेच नाहीत. धोंडूताई कुलकर्णी याच त्यांच्या एकमेव शिष्या मानल्या जातात. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अंतराळात सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीवरील निवडक संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीही होती, आणि त्यानंतर काही दिवसांतच केसरबाईंनी देह ठेवला. त्यांचा स्वर सूर्यमालेच्या बाहेर गेला. विद्या मात्र एका शिष्येच्या गळ्यात उतरली. यात त्यांचा दोष काढण्याचा आम्हांला अधिकार नाही. जो गळा अनेक वर्षे अपमान आणि कष्ट सोसून घडला, त्याभोवती कुंपण घालावेसे वाटणे आम्ही समजू शकतो. किंबहुना आमच्यासारखे लोक जगात आहेत म्हणूनच अशी कुंपणे लागतात. पण कुंपणाच्या आत झाड फळले, तरी बी दूरवर जात नाही, हेही तितकेच खरे.

मग समाजाचा हक्क किती? आपल्या संस्कृतीत ऋणाची कल्पना आहे, आणि ती फार सूक्ष्म आहे. पितृऋण पित्याला परत करून फिटत नाही, ते अपत्याला वाढवून फिटते. ऋषींचे ऋण ऋषींच्या हातात देता येत नाही. ते अध्ययन करून आणि पुढच्याला शिकवून फेडायचे. ऋण मागून येते आणि पुढे जाते. संत थॉमस अक्वायनस यांनीही कृपेचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक ग्रहण करणाऱ्याला पवित्र करणारी, आणि दुसरी इतरांच्या हितासाठी कोणा एकाला दिलेली. गळ्याची देणगी काटेकोर अर्थाने या दुसऱ्या वर्गात बसते की नाही, हा पंडितांचा प्रश्न. परंतु ती इतरांसाठी आहे हे जरी मान्य केले, तरी त्यावरून ती इतरांच्या ताब्यात आहे असे निष्पन्न होत नाही. आमची चूक नेमकी या दोन वाक्यांमधल्या फटीत घडली. विहीर तहानलेल्यांसाठी असते. म्हणून तहानलेल्यांनी ती उपसून कोरडी करावी असे नाही. आणि माणूस तर विहीरही नव्हे. तो स्वतः एक साध्य आहे. कोणाच्याही सणाचे, मग तो प्रभूचा सण का असेना, साधन नव्हे.

पॅट्रिशिया रोझारिओंच्या जीवनात आम्हांला या ऋणाच्या फेडीचे एक रूप दिसते. त्या गेल्या तेव्हा मुंबईच्या कोणत्या तरी चर्चमधील गायकवृंदात एक जागा रिकामी झाली असेल. कोणी तरी "आता आपले कसे होणार" असे म्हटलेही असेल. परतल्या त्या जवळजवळ तीन दशकांनंतर, आणि गाण्यापुरत्या नव्हे, तर शिकवायला. श्वास कसा घ्यावा, जबडा कसा सैल सोडावा, कोणती रचना आज हाती धरावी आणि कोणती धरू नये, हे त्यांनी इथल्या मुलामुलींना सांगितले. ज्या शिक्षणासाठी त्यांना समुद्रापार जावे लागले, त्यातील काही अंश त्यांनी समुद्राच्या या काठावर आणला. गायिकेला शेवटी तिचा गळा सोडून जातो. वरचे स्वर आधी जातात. शिक्षिकेचे ज्ञान मात्र वयाबरोबर मुरते. देणगीचा पूर्वार्ध गाण्यात आणि उत्तरार्ध शिकविण्यात जावा, ही योजना आम्हांला ईश्वरी वाटते. परंतु घाईने ओरबाडलेल्या देणगीला उत्तरार्ध लाभत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांच्यासाठी टॅव्हनर यांनी रचलेल्या ऑपेरांपैकी एक इजिप्तच्या संत मरियेविषयी आहे. १९९२ साली इंग्लंडमधील ऑल्डबरोच्या महोत्सवात तो प्रथम सादर झाला आणि मरियेची भूमिका रोझारिओंनी केली. या संतेची कथा जुनी आहे. आलेक्झांड्रियाच्या रस्त्यांवर देह विकणारी ही स्त्री पश्चात्तापाने यार्देनपलीकडच्या वाळवंटात गेली आणि तेथे अनेक वर्षे एकटी राहिली. झोसिमा नावाचा एक वृद्ध संन्यासी होता. साधनेत आपल्याला शिकविणारा आता कोणी उरला नाही, असे त्याला वाटू लागले होते. वाळवंटात त्याची आणि तिची गाठ पडली आणि त्याचा गर्व उतरला. ही कथा आम्ही सेमिनरीत वाचली होती ती मरियेची कथा म्हणून. त्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रिका ऐकताना कळले की धर्मगुरूंनी ती झोसिमाची कथा म्हणून वाचावयास हवी.

आता पुढचे सांगतो. महिने गेले. मौन पाळून आणि व्यायाम करून मुलीचा आवाज हळूहळू परत आला. पूर्वीइतका बेफिकीर नव्हे, पण परत आला. बारावीनंतर मुंबईत राहून गायन शिकण्याची संधी तिच्यासमोर आली. त्यासाठी धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे शिफारसपत्र हवे होते. तिचे वडील जिनिंगमध्ये काम करतात. ते पत्र मागायला आले तेव्हा उभेच राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत.

एवढे वाचून, एवढा विचार करूनही आम्ही ते पत्र तीन आठवडे लिहिले नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण हे गाळले तर लेख खोटा होईल. कारणे आमच्याकडे भरपूर होती. एवढ्या मोठ्या शहरात मुलगी एकटी कशी राहील? घरची परिस्थिती ही अशी. परिचारिकेचे शिक्षण घेतले तर नोकरी निश्चित. धर्मग्राम परिषदेतील एका ज्येष्ठ सभासदांनी तर स्पष्टच विचारले, "प्रभूने गळा दिला तो प्रभूच्या मंदिरासाठी. मुंबईला जाऊन ती सिनेमात गाणार, मग आपल्याला काय मिळाले?" आम्ही त्यांना ताबडतोब उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो प्रश्न आमच्याही मनात, जरा शुद्ध भाषेत, होताच.

उत्तर नंतर सुचले. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकविले. हेतू हा की मिस्सेत संगीत असावे. त्या परंपरेत तयार झालेले किती तरी वादक पोटासाठी मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. सॅबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना सजविली. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. चर्चला काय मिळाले, असा हिशेब मांडला तर वही कोरी राहील. पण खामगावच्या चहाच्या टपरीवर जे जुने गाणे लागते आणि थकला हमाल क्षणभर मान डोलावतो, त्यात कोठे तरी एखाद्या गावच्या चर्चमधील मास्तराची छडी आणि माया आहे. ते कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली कलावंतांना पत्र लिहिले. कलेचे कार्य हीच जगाची सेवा होऊ शकते, हा विचार त्यात आहे. तेथे मंदिराची भिंत आडवी येत नाही.

आम्ही पत्र लिहिले. सोबत एक वाक्य जास्तीचे घातले: या मुलीला आमच्या धर्मग्रामाकडून कोणतेही कर्ज नाही. ते वाक्य संस्थेसाठी अनावश्यक होते. ते आमच्यासाठी होते.

गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला आमच्या गायकवृंदाचा वरचा स्वर रिकामा राहिला. दोन लहान मुलींनी प्रयत्न केला. मध्येच त्यांचा सूर निसटला आणि मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. पूर्वी अशा वेळी आमच्या कपाळाला आठी पडली असती. या वेळी मिस्सा संपल्यावर आम्ही त्या मुलींना जवळ बोलावले, घसा दुखतो का ते विचारले, आणि सांगितले की उद्याच्या मिस्सेला त्यांनी गाऊ नये, सर्व लोक मिळून गातील. दुसऱ्या दिवशी लोक गायले. बेसूर गायले; पण बऱ्याच वर्षांनी सगळे गायले. एका मुलीच्या गळ्याआड आम्ही साऱ्या धर्मग्रामाची तोंडे मिटवून ठेवली होती, हे तोपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

ती मुलगी मुंबईत आहे. पुढे ती मोठी गायिका होईल की एखाद्या शाळेत संगीतशिक्षिका होईल, की आणखी काही, हे कोणी सांगू शकत नाही. रोझारिओंसारखे भाग्य लाखांत एखाद्याला लाभते, आणि तिच्या खांद्यावर आम्ही ते ओझे ठेवणार नाही. सुट्टीत ती घरी येते तेव्हा आम्ही तिला गायला सांगत नाही. कधी ती आपणहून गायकवृंदाच्या जागेवर जाऊन बसते, कधी आईशेजारी बाकावरच राहते.

ती परत न आली तर? हा प्रश्न परिषदेतील त्या ज्येष्ठ सभासदांनी परवा पुन्हा विचारला. आम्ही त्यांना म्हणालो, "काका, पेरलेले दाणे कोणत्या शेतात उगवले हे पाखरांना कोणी विचारीत नाही." ते हसले. त्यांना पटले की नाही कोण जाणे. आम्हांलाही ते पूर्ण पटले आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. नाताळ जवळ आला की तो वरचा स्वर आम्हांला अजून आठवतो.